वाचकांचे प्रश्न : नोकरी गेली, गोव्यात ओळखीचे कोणी नाही

प्रश्न : मी सांगलीचा, वय 28. कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सोडून दहा महिन्यांपूर्वी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत ठेकेदारामार्फत गुणवत्ता विभागात लागलो. गेल्या महिन्यात ठेका संपला म्हणून आम्हा काही जणांना कमी केले. शेवटचा पगार अजून मिळालेला नाही. नुवेंत खोली आहे, भाडे 7,500. शिल्लक 45,000. घरी सांगितलेले नाही. दोन-दोन दिवस कोणाशी बोलणे होत नाही, रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही. पीएफ काढून गावी निघून जावे का?
– एक वाचक, नुवें

उत्तर : गावी जायचे की नाही, हे आत्ता ठरवू नका, ठरवण्याची तारीख मात्र आजच लिहून ठेवा. भाडे 7,500 आणि जेवण, गॅस, फोन, पेट्रोल मिळून तेवढेच धरले, तर महिन्याला 15,000 लागतात. म्हणजे तीन महिने हातात आहेत. दुसरा महिना संपेल त्या दिवशी निर्णय घ्या. तिसऱ्या महिन्याच्या पैशांना तोवर हात लावू नका, सामान हलवायला तेच लागतील.

पीएफ काढण्याची घाई नको. दोन्ही नोकऱ्या मिळून पाच वर्षे झालेली नसतील तर काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते. कुपवाडचा आणि इथला यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच आहे ना, ते आधी बघा. नोकरी सोडल्याची तारीख खात्यावर चढलेली नसली की पुढे पैसे वळवताना अडते. ती ठेकेदाराने भरायची असते. त्याने टाळले, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीने तुम्हाला स्वतः भरता येते.

पगाराचे म्हणाल, तर कामावरून कमी केल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो. ठेकेदाराने बुडवला तर मूळ कंपनीला द्यावा लागतो, म्हणून अर्जाची एक प्रत कंपनीलाही द्या आणि पोच घ्या. तरीही हलले नाही तर पणजीला पाटो येथील श्रम शक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे तक्रार करा. पगार 21,000 च्या आत असून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते. ही योजना मुदतवाढीवर चालते आणि वर्गणीच्या दिवसांची अट आहे, तेव्हा ईएसआयच्या शाखेत आधी विचारून घ्या.

आता एकटेपणाचे. तुमची नोकरी आणि तुमची माणसे एकाच दिवशी गेली, म्हणून हे इतके जड जाते आहे. कंपनीची बस, कॅन्टीनचे टेबल, पाळीतले चौघे, सगळी ओळख गेटच्या आतली होती. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे झालेले नाही. नव्या ओळखी होतात त्या एकाच जागी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा गेल्याने. रोज नवी जागा धुंडाळणारा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

सुरुवात पोदेरापासून, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यापासून करा. सकाळी सायकलीचा भोंगा वाजला की खोलीतून बाहेर या. टोपलीवरचे प्लास्टिक बाजूला सारून तो गरम पोयो (गोव्याचे गोल पाव) काढतो, तेवढ्या वेळात दोन वाक्ये होतात. कोंकणीत बोला, चुकले तरी चालते. निघताना ‘देव बरें करूं’ म्हणा. यासाठी ठरलेल्या वेळी उठावेच लागते, आणि पाळ्यांनी बिघडलेली झोप उठण्याची वेळ पक्की केल्यावरच हळूहळू जागेवर येते. दुपारची झोप आठ-दहा दिवस पूर्ण बंद ठेवा.

मग दहा ते एक नावेलीच्या जिल्हा ग्रंथालयात बसा. अर्ज तिथूनच पाठवा, खोलीतून नको. बायोडेटात नुसते ‘गुणवत्ता विभाग’ लिहू नका. एचपीएलसीवर (औषधातले घटक तपासणाऱ्या यंत्रावर) कोणत्या चाचण्या केल्या, नोंदी कशा ठेवल्या, ते लिहा. कुंडई, खोर्ली, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीही बघा. वॉक-इनला मूळ प्रमाणपत्रे, तीन पगारपत्रके आणि अनुभवाचा दाखला न्या. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. जुन्या सहकाऱ्याला फोन करताना ‘काय चाललंय’ एवढ्यावर थांबू नका. ‘तुझ्याकडे एचआरचा मेल आहे का’ असे नेमके विचारा, त्याला मदत करणे सोपे जाते.

संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर जा. खेळता येत नसले तरी कडेला बसणारे असतात. मराठी ऐकावेसे वाटले तर मडगावात गोमंत विद्या निकेतनचे कार्यक्रम असतात. बारमध्ये मात्र एकट्याने बसू नका. इथे दारू स्वस्त आणि सोबत लगेच मिळते, पण झोप आणखी मोडते.

दोन आठवड्यांत झोप आणि भूक सुधारली नाही, तर बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात दाखवा. जगणे नकोसे वाटले तर त्याच क्षणी 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला; फोन मोफत आहे आणि रात्रीही उचलतात.

घरी या रविवारी सांगा. ‘ठेका संपला, तीन महिन्यांचे पैसे आहेत, अमुक तारखेपर्यंत इथे शोधतो’ एवढे तीन मुद्दे एका दमात सांगितले की आईवडिलांच्या मनातले बरेच प्रश्न आधीच सुटतात. आणि निघायचेच ठरले, तर अनुभवाचा दाखला हातात घेऊन, खोलीची अनामत परत घेऊन मगच सांगलीची गाडी धरा. नंतर फोनवरून या दोन्ही गोष्टी मिळवणे फार अवघड जाते.