चिखलात रुतलेली गाडी पुढच्या कडीला दोरी लावून ओढली तर चालतं का? की वेगळे रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढायचा दोर अडकवायच्या मजबूत जागा, बसवावेत?

तुम्ही लिहिलंय की जुनी फोर बाय फोर घेतली आहे, गगनबावड्याच्या बाजूला शेत आहे, पावसाळ्यात पाणंदीत गाडी हमखास रुतते आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक वेल्डर पुढं दोन हुक 'चॅसीला मारून' द्यायला तयार आहे. पॉइंट जरूर बसवा. पण वेल्ड मारून नको, बोल्टनं. आणि त्याआधी गाडीखाली वाकून एकदा बघा.

खाली वाकलात की पुढं एक बारीक सळईची किंवा पातळ पट्टीची कडी दिसेल. पुष्कळ गाड्यांना ही कडी कंटेनरवर गाडी चढवल्यावर बांधून ठेवायला दिलेली असते. बंपरमधलं झाकण काढून आत पिळून बसवायची जी कडी टूलकिटमध्ये येते, ती बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावरून सरळ आणि हळू ओढायला असते. या दोन्हींपैकी एकही झटका खायला केलेली नाही. चॅसीला जाड बोल्टनं आवळलेला मजबूत कंपनी हुक असेल तर गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात तो ओढण्यासाठी दाखवला असेल तर तुमचं अर्धं काम झालंच.

हे मी शहाणपणानं नाही, लाजेनं सांगतोय. भोगावतीकाठच्या एका पाणंदीत माझी गाडी रुतली होती. शेजारी भाताची चिखलणी चालली होती, ट्रॅक्टरवाला धावून आला. मी बिनधास्त त्या बांधायच्या कडीत वायररोप अडकवला. त्यानं आधी दोर सैल सोडला आणि एक दणका दिला. कडी उपटली, ती रोपसकट ट्रॅक्टरकडं गेली आणि मडगार्डला खोक पाडून पडली. ड्रायव्हरची मांडी तिथून वीतभर अंतरावर होती. तुटलेली वस्तू दोर ज्या टोकाला अजून अडकलेला असतो त्याच दिशेनं जाते, हे मला त्या दिवशी कळलं. ट्रेलरच्या बॉलला दोरी लावणं तर याहून वाईट. तो बॉल मानेत तुटला की तोफेचा गोळाच.

आता जोर किती लागतो ते बघा. अमेरिकी लष्कराचा एक ढोबळ हिशोब आहे: चाकभर रुतलेल्या गाडीला साधारण तिच्या वजनाएवढी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट. म्हणजे दोन टनांच्या गाडीला चार टन, तेही झटका न देता. म्हणून आधी खोरं घ्या, चाकापुढचा चिखल उपसा, टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा. निम्म्या वेळा दोरी काढावीच लागत नाही.

पॉइंट बनवताना आपल्या गावाचा एक धोका आहे. इथं ओतकामाची कमतरता नाही, आणि 'ओतीव हुक आहे की तयार' म्हणणारा कुणीतरी भेटतोच. साधं ओतीव लोखंड झटक्यात बिस्किटासारखं तुटतं. हुक घ्यायचा तर फोर्जिंगचा, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला, वजनमर्यादा उमटवलेला. नाहीतर १२ मिमी माइल्ड स्टीलची प्लेट कापून घ्या, शॅकलच्या (दोर अडकवायच्या, पिन लावून बंद होणाऱ्या यू आकाराच्या कडीच्या) भोकाभोवती भरपूर माल ठेवा आणि भोकाच्या कडा गोल घासून घ्या.

खरं काम मात्र बोल्टचं आहे. पैसे तिथं घाला. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा असतो. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट गेटला लावा, गाडीला नको. १२ मिमीचा ८.८ बोल्ट सरळ ताणला तर जवळपास पावणेसात टनांना तुटतो, आडवा कापला जातो तो साधारण चार टनांना. त्यामुळं एका पॉइंटला एक बोल्ट पुरेल असं समजू नका. निदान दोन हवेत, शक्यतो कंपनीच्याच भोकांत.

चॅसी पेटीसारखी पोकळ असते. आरपार बोल्ट घालून आवळला की दोन्ही भिंती आत दबतात, आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्यानं सैल होतो. आत मापाची जाड नळी घालायची, म्हणजे आवळण्याचा जोर नळी घेते. हे उद्यमनगरातला लेथवाला तासाभरात करून देईल, पण तुम्ही सांगितलंत तरच. वेल्डला नाही म्हणतो ते यासाठीच: उष्णतेनं शेजारचं पोलाद मऊ किंवा ठिसूळ होतं, नेमकं टाक्याच्या कडेला चीर जाते, आणि रंगाखाली ती दिसत नाही. नवीन भोक पाडलंच तर चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीत नको, उभ्या बाजूला पाडा आणि झिंक प्रायमर मारा. गगनबावड्याचा पाऊस कोरं लोखंड सोडत नाही.

पुढं दोन पॉइंट हवेत. त्यांत एक पट्टा इंग्रजी व्हीसारखा घालायचा, मधला कोन साठ अंशांच्या आत ठेवायचा. तेव्हा प्रत्येक बाजूला निम्म्याहून थोडाच जास्त भार येतो. कोन एकशेवीस झाला की दोन्ही बाजूंना पूर्ण भार, मग दोन पॉइंट बसवून मिळवलं काय? शॅकल ४.७५ टन शिक्क्याचा घ्या, पिन घट्ट करून पाव फेरा मागं सोडा, नाहीतर नंतर पान्यालाही ऐकत नाही. मागं हिच (ट्रेलर जोडायची चौकोनी नळी) असेल तर बॉल काढून त्याच नळीत शॅकलचा ठोकळा बसवा.

पॉइंट बंपरच्या पुढं डोकावू देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा हवाला देऊन केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड (बंपरपुढं लावतात ते लोखंडी गार्ड) बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलंय, तिथं उगाच वाद नको. एअरबॅगवाल्या गाडीत चॅसीच्या टोकाला धडकेत चुरगळण्यासाठी ठेवलेला भाग असतो. त्याला जाड प्लेट बांधून ताठ करू नका.

बसवून झालं की कोरड्या रानात हँडब्रेक ओढून दुसऱ्या गाडीनं हळूहळू ताण द्या. दोरावर ओलं पोतं टाका, आणि माणसं दोराच्या दीडपट लांब उभी करा. त्याआधी प्रत्येक नटवरून प्लेटवर पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून ठेवा. ताण दिल्यावर रेघ मोडलेली दिसली तर परत लेथवाल्याकडं जा, पाणंदीत नाही.