आधी बाबांना हिशेब दाखव

‘ताई, मी घारापुरी बेटावरच्या शेतबंदर गावची, वय २१, बी.कॉम. झालेय. पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलात बिलिंगची नोकरी मिळतेय, पगार १६,०००. बाबा म्हणतात, रोज घरून ये-जा कर. तिकडे राहायचंच असेल तर महिन्याला ८,००० घरी दे. ओळखीतला एजंट जॉइनिंगसाठी ५,००० रुपये आणि मूळ मार्कशीट मागतोय. काय करू?’

एजंटला रुपयाही देऊ नकोस, मार्कशीट तर मुळीच नाही. मूळ कागद अडकले की नोकरी सोडायच्या वेळी खेटे घालत बसावं लागतं. एचआरला थेट फोन कर, ऑफर लेटर माग. मूळ प्रत दाखवायची, द्यायची फक्त झेरॉक्स.

रोजची ये-जा जमणार नाही. पर्यटकांच्या लाँचा सकाळी गेटवेहून बेटावर येतात, संध्याकाळी परततात. तुला नेमकं उलटं जायचंय. गावातल्या होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर उतरलीस तरी पावसाळ्यात खाडे ठरलेले, आणि प्रोबेशनमध्ये, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधी, खाडे कोणी खपवून घेत नाही.

आता ८,००० चं. बेसिक (मूळ पगार) १०,००० धरलं तर त्यावर पीएफचे (भविष्य निर्वाह निधी) १,२०० आणि पूर्ण पगारावर ईएसआयचे (कामगार विमा) १२० जाऊन हाती १४,६८० येतील. (व्यवसाय कर कापला तर विचार, महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो नाही.) पीजीतली खाट ६,०००, डबा ३,५००, प्रवास-फोन १,५०० धर. उरले ३,६८०. त्यातून ८,००० कुठून देणार? बाबांसमोर हेच आकडे कागदावर मांड. घरी २,००० कबूल कर, पण पगार तुझ्याच खात्यावर येऊ दे.

खरी ओढाताण पहिल्या महिन्यात होते. १ तारखेला रुजू झालीस तर पगार पुढच्या ७ ला, पण दुसरं भाडं त्याआधीच द्यायचं. एका भाड्याएवढी अनामत, दोन भाडी आणि पाचेक आठवड्यांचा डबा-प्रवास धरून २४,००० तरी गाठीला हवेत. जमत नसेल तर अलिबागला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात नोकरदार महिलांच्या अनुदानित वसतिगृहाची चौकशी कर. केंद्राच्या योजनेत डॉर्मिटरीचं (अनेकींच्या एकत्र खोलीचं) भाडं पगाराच्या साडेसात टक्क्यांवर जात नाही, म्हणजे तुला १,२००. खाटा मोजक्या असतात, अर्ज आधीच टाक.

खोली ठरवण्याआधी शिफ्ट विचार. शिफ्ट रात्री १० ला सुटते आणि हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद होतं, असं सर्रास होतं. मग एचआरकडून वॉर्डनच्या नावे पत्र घ्यायचं. हॉस्टेल बघायला बाबांनाच घेऊन जा, वॉर्डनचा नंबर त्यांच्या फोनमध्ये असू दे. त्यांचा निम्मा विरोध तिथेच गळेल.

हॉस्पिटलात तक्रार समिती कोण बघतं, हेही पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव. लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते.

आणि साप्ताहिक सुट्टी सोमवारची घेऊ नकोस. त्या दिवशी लेणी बंद, गेटवेच्या लाँचाही नाहीत; घरी जायला गावातल्या होडीवरच अवलंबून राहशील.