व्यसन सुटलेला माणूस पुन्हा एकदाच घेतो आणि दगावतो, असं का होतं?

कारण शरीराची सवय मोडलेली असते, पण मनातलं माप जुनंच असतं. हेरॉइन, अफू, मॉर्फिन या जातीचे पदार्थ रोज घेतले की मेंदू त्यांना सरावतो. तीच नशा यायला डोस वाढवावा लागतो. काही आठवडे बंद राहिलं की हा सराव बराचसा ओसरतो. तलफ मात्र कुठेही जात नाही. मग तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेला माणूस पूर्वीइतकंच घेतो आणि मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्रच मंदावतं.

श्वास विरळ होतो, ओठ-नखं निळी पडतात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. घरच्यांना वाटतं, झोपलाय, घोरतोय, झोपू दे. इथेच घात होतो. हलवूनही उठत नसेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. नॅलोक्सोन हे या नशेवरचं उताऱ्याचं औषध वेळेत मिळालं तर श्वास परत येतो, पण त्याचा असर लवकर उतरतो, म्हणून दवाखाना टळत नाही.

अशाला 'मनाचा कच्चा' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे २९.६ कोटी लोकांनी अमली पदार्थ घेतले, आणि जवळपास ४ कोटी लोक त्यापायी आजारी होते. एवढे सगळे कच्चे?

दारूचं थोडं वेगळं आहे, बरं का. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर फिट येऊन जीव जाऊ शकतो, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.