ओला-सुका कचरा वेगळा करून खरंच काही उपयोग होतो का? सुरुवात कुठून करावी?

तुमची शंका रास्त आहे. गाडीत शेवटी सगळं एकत्रच पडणार असेल तर घरी दोन डबे ठेवण्याचा खटाटोप कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी पुण्यात राहते, त्यामुळे इथलं सांगते.

पुण्यात बऱ्याच भागांत दारावरचा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात. महापालिकेबरोबर हे काम २००८ पासून चालू आहे. घरटी महिन्याचं शुल्क असतं ते वेगळंच, पण सुक्यातला विकाऊ माल विकून जे पैसे येतात तेही त्यांचे. म्हणजे सुका कचरा ही त्यांची कमाई आहे, तो त्या मुद्दाम कशाला मिसळतील? तो मिसळला जातो आपल्याच घरात. वर्तमानपत्रावर आमटीची वाटी उपडी झाली की त्या रद्दीला भाव नाही. म्हणून डबे किती आणि कुठल्या रंगाचे यापेक्षा सुका कचरा खरोखर सुका आहे ना, एवढंच बघा.

सुरुवात दुधाच्या पिशवीपासून करा. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीला लटकताच ठेवायचा. सुटलेला तो इवलासा त्रिकोण ओट्यावरून ओल्या कचऱ्यात जातो आणि खतात जसाच्या तसा सापडतो. दूध ओतल्यावर पिशवीत घोटभर पाणी घालून खळबळा, ते पाणी कणकेत किंवा चहात घाला आणि पिशवी चिमट्याने दोरीवर टांगा. अशा कोरड्या पिशव्या साठल्या की भंगारवाला किलोवर घेतो. न धुतलेल्या दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतात, त्यांना कोणी हात लावत नाही.

आतून चंदेरी असलेली वेफर्सची पाकिटं मात्र धुऊन पुसूनही विकली जात नाहीत. त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो, ‘कागदी’ म्हणून फसू नका. इथे उपाय एकच, कमी आणणं. फरसाणवाल्याकडे घरचा डबा नेला तर तो वजन वजा करून देतो, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या. पुडीत काय आहे हे बघायला कोणीतरी ती हाताने उघडतं, म्हणून हा ठिपका. फुटकी काच आणि ब्लेडही तसंच बांधून, वर लिहून द्या. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं हा आणखी वेगळा, घातक गट आहे. तो सुक्यातही टाकायचा नाही.

ओल्याला बाल्कनीत भोकं पाडलेली झाकणाची बादली पुरते. एक थर कचरा, एक थर सुकी पानं, अधूनमधून थोडं आंबट ताक. वास आला तर ओल जास्त झाली समजा, पानं वाढवा. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या त्यात घालू नका, लवकर कुजत नाहीत.

आणि तुमच्याकडची गाडी खरंच सगळं एकत्र करत असेल, तर रद्दी, बाटल्या, पिशव्या थेट भंगारवाल्याला द्या, ओलं बादलीत घाला. मग गाडीत टाकायला वेफर्सची पाकिटं आणि टूथपेस्टच्या ट्यूबा, इतकंच उरतं.