वहीला कुलूप कशासाठी?

जिंतूर तालुक्यातील एक वडील लिहितात : ‘मुलगी लातूरला राहून मेडिकलची नीट परीक्षा रिपीट करते आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत एक वही सापडली. उल्का, जिवाणू, एका ग्रहावरचा जीव दुसऱ्या ग्रहावर पोहोचू शकतो का, असले काहीबाही तिने लिहिले होते, आणि खाली ‘पुरावा मिळाला’ असेही. वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली. एक एकर विकून तिची फी भरली आहे. यंदा नंबर लागला नाही तर आणखी एकदा बसवू. हे खूळ तिच्या डोक्यातून कसे काढावे?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात जमिनीचा, फीचा आणि मागच्या वर्षीच्या गुणांचा हिशेब चोख आहे. मुलीला काय हवे आहे, हे सांगणारे वाक्य मात्र एकही नाही. म्हणूनच मला काळजी वाटते ती वहीची नव्हे, त्या कुलपाची. दिवसभर क्लास आणि टेस्ट सिरीज झाल्यावर जी मुलगी रात्री आपणहून काही लिहीत बसते, तिच्याकडे स्वतःचे म्हणावे असे कदाचित तेवढेच उरले असेल. एकर विकल्याचा उल्लेख पत्रात तीनदा आला आहे, तेव्हा घरात तो किती वेळा होत असेल याचा अंदाज येतो. विकण्याचा निर्णय तिचा नव्हता. त्याचा बोजा तिच्या सातबाऱ्यावर चढवू नका. तिसऱ्यांदा बसवण्याचा बेत तर आजच सोडा.

‘असले विषय नासावाल्यांचे, बायोलॉजीच्या पोरीला तिथे काय काम?’ असेही आपण विचारता. हा गैरसमज आहे. एका ग्रहावरचा दगड दुसऱ्यावर पडतो, याविषयी आता वाद उरलेला नाही. 1865 साली बिहारमधील शेरघाटी येथे पडलेला दगड मंगळावरचा आहे. त्या दगडासोबत काही जिवंत येऊ शकेल का, हा खरा प्रश्न आहे आणि तो दुर्बिणीपेक्षा सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा अधिक आहे. जपानी शास्त्रज्ञांनी डायनोकॉकस नावाचे जिवाणू अंतराळ स्थानकाबाहेर तीन वर्षे उघड्यावर ठेवले, तेव्हा जाड थरांमध्ये वरचे मेले आणि त्यांच्या आडोशाने खालचे तगले. आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली 2005 साली हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या फुग्याने 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. तिचे नमुने पुण्यातील आणि हैदराबादमधील जीवशास्त्राच्याच प्रयोगशाळांनी तपासले, आणि त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असे त्यातून ठामपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोने 2009 साली स्वतःच स्पष्ट केले होते. त्यामुळे मुलीने वहीत ‘पुरावा मिळाला’ असे लिहिले आहे ते तिला खोडावे लागेल. पण खोडायला आधी वही तिच्या हातात हवी.

या संशोधनाकडे जाणाऱ्या वाटा नेहमीच्याच आहेत : आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थांच्या अनुक्रमे आयएटी आणि नेस्ट या प्रवेशपरीक्षा, किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करून पुढे एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम ही परीक्षा. आयएटी आणि नेस्टला बारावी उत्तीर्ण होण्याच्या वर्षाची अट असते, ती अर्ज भरण्याआधी काळजीपूर्वक वाचा, कारण आणखी एक रिपीट केल्यास ही दारे बंद होऊ शकतात. संशोधनाची वाट लांब आहे आणि तिच्यात पैसा उशिरा येतो, हेही मी लपवणार नाही. शिवाय वही भरली म्हणजे मुलगी संशोधक झाली, असे नाही. तिला कदाचित डॉक्टरच व्हायचे असेल; ते तिला अजून कोणी विचारलेलेच नाही.

यंदाची नीट तिला निवांत मनाने देऊ द्या. ती झाली की दोघे लोणारला जाऊन या. आपल्याकडून ते एका दिवसात होते. बेसाल्टच्या खडकात उल्काघाताने पडलेले ते विवर आहे, आणि 2020 च्या जूनमध्ये तिथले पाणी गुलाबी झाले ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. ते कसे झाले, हे तळ्याकाठी बसून मुलीला विचारा, आणि तिचे सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.