एजंट म्हणतो, ‘नाकारलं तर कोर्ट आहेच’

तुम्ही लिहिलंय, आंतरजातीय लग्नामुळे बायकोच्या माहेरच्यांकडून दोघांच्याही जिवाला धोका आहे. एजंट सांगतोय, ‘व्हिजिटर व्हिसावर कॅनडाला जा, तिथे आश्रय मागा, नाकारलं तर कोर्ट आहेच.’ मी टोरांटोत वकिलांकडे दुभाष्याचं काम करते. त्या शेवटच्या वाक्यावर कृपा करून विसंबू नका.

आश्रयाचा दावा आधी इथल्या निर्वासित मंडळाच्या सदस्यापुढे, म्हणजे निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जातो. तिथे हरलात तर बहुतेकांना मंडळाच्याच अपील विभागात जाता येतं, मग फेडरल कोर्ट. मंडळाचा शेवटचा निकाल कळल्यापासून १५ दिवसांत कोर्टात अर्ज करायचा, तोही आधी परवानगीसाठी. ती नाकारली तर सहसा कारणही देत नाहीत आणि त्यावर अपील नाही. मिळालीच, तर न्यायाधीश तुमची हकीकत नव्यानं ऐकत नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या वाविलोव्ह निकालापासून ते एवढंच पाहतात, की सदस्यानं दिलेली कारणं तर्काला धरून आहेत का. जिंकलात तरी आश्रय मिळत नाही, प्रकरण फेरनिर्णयासाठी परत जातं.

म्हणून पहिल्यांदा काय लिहून देता, त्यावर सगळं आहे. शंकेला कारण नसेल तर शपथेवर सांगितलेलं खरं मानायचं, असा इथला जुना नियम आहे. पण दाव्याचा फॉर्म, विमानतळावरची नोंद, व्हिसाचा अर्ज आणि तोंडी साक्ष शेजारी शेजारी ठेवून वाचतात. एका तरुणानं फॉर्ममध्ये फक्त फोनवरच्या धमक्या लिहिल्या आणि मारहाण सुनावणीतच पहिल्यांदा सांगितली. ‘लिहायला लाज वाटली,’ म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य मी भाषांतरित केलंय. तो खरं बोलत होता असं मला आजही वाटतं. सदस्याला पटलं नाही, आणि कोर्टानंही हात घातला नाही. उलट ‘खरा धोका असता तर कुणी तीन महिने गावात थांबलं नसतं’ हा एका सदस्याचा निव्वळ तर्क कोर्टानं रद्द केलेलाही मी पाहिलाय.

तुमची सगळी हकीकत खरी मानली, तरी एका प्रश्नावर दावा पडू शकतो: भारतातच दुसरीकडे का राहिला नाहीत? पंजाबहून आलेल्यांना मुंबईचं नाव पुढे करतात. तुम्ही साताऱ्याचे, तुम्हाला बंगळूरु किंवा कोलकाता विचारतील. सासरच्यांची तिथवर शोधत येण्याची ऐपत आणि इच्छा दोन्ही आहेत, हे दाखवावं लागेल. नुसतं ‘ते मोठे लोक आहेत’ म्हणून भागत नाही.

एजंटानं तिखटमीठ लावून दिलेली स्टोरी अजिबात घेऊ नका. एक खोटी तारीख सापडली की खऱ्या दहा गोष्टींवरचाही विश्वास उडतो. धमकीचे मेसेज तारखांसकट, दवाखान्याचे कागद, विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच जमवा. आणि त्याआधी पोलीस अधीक्षकांकडे संरक्षणासाठी लेखी अर्ज द्या. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करा, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यांना सांगितलंय. अर्जाची पोच घ्या. संरक्षण मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं, तर ‘पोलिसांकडे गेला होतात का?’ या इथल्या हमखास प्रश्नाचं उत्तर त्या कागदात असेल.