पाय गेला म्हणून नोकरी जात नाही

प्रश्न : मी महापालिकेच्या परिवहन सेवेत कायम चालक आहे. सुट्टीच्या दिवशी दुचाकीच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलं. कार्यालय म्हणतं, अपघात ड्युटीवरचा नाही. स्वेच्छानिवृत्ती घ्या, नाहीतर कमी पगारावर शिपाई व्हा. काय करू?

उत्तर : दोन्हींपैकी कुठल्याही कागदावर सही करू नका. निवृत्तीचा अर्ज आधीच दिला असेल, तर तो मंजूर होण्यापूर्वी लेखी मागे घ्या आणि प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(४) तुमच्या बाजूने आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला (यात महापालिकाही आली) काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. आधीचं पद जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यावं लागतं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांखेरीज तयार केलेल्या जादा पदावर, ठेवावं लागतं. कायदा ‘सेवेत असताना’ म्हणतो, ‘कामावर असताना’ नाही. त्यामुळे अपघात सुट्टीचा की ड्युटीचा, हा मुद्दाच गैरलागू आहे. या कलमात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अटही नाही, तरी दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा.

बहुतेक प्रकरणं अडतात ती मंडळाच्या अहवालावर. त्यात ‘नोकरीस अपात्र’ लिहिलंय की ‘चालक पदास अपात्र’, ते प्रत मागवून बघा. पहिलं लिहिलं असेल तर फेरतपासणी मागा. बसून करायच्या कामास पात्र आहात का, हे स्पष्ट लिहून घ्या.

मग पर्यायी पदासाठी अर्ज करा आणि त्यात पदांची नावं द्या : तिकीट-रोख विभाग, भांडार, नियंत्रण कक्ष. पद मिळालं तरी दिवसभर स्टॉपवर उभं राहायचं असेल, तर बसायची सोय, तळमजला, रॅम्प मागा. कलम २०(२) प्रमाणे त्या सोयी देणं आस्थापनेवर बंधनकारक आहे. अर्जातच ‘कामावर हजर होण्यास तयार आहे’ असं लिहा. हे एक वाक्य लिहायचं राहून गेलं की पुढे तो काळ गैरहजेरीत धरला जातो आणि पगारासाठी वेगळं भांडण उभं राहतं.

दाद मिळाली नाही तर आस्थापनेतल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा (कलम २३). त्यांनी दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते, पण ते करतात ती शिफारस. म्हणून नोकरीवरून कमी करण्याचा किंवा पदावनतीचा आदेश हातात पडलाच, तर वेळ न घालवता उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करा.